विजेच्या तारा आणि मोलेंचें रान

ज्या वस्तूचा आपण नित्य उपयोग करतों, तिच्या उगमाचा विचार आपण क्वचितच करतों. भाकरी खातांना शेतकऱ्याची आठवण कदाचित् होते. परंतु बटण दाबून दिवा लावतांना, ही वीज कोणत्या वाटेनें आली, त्या वाटेवर कोणाचें शेत होतें, कोणतें रान होतें, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गोमंतकांतील मोलें गांवाच्या परिसरांत २०२० सालापासून जें घडलें, त्यानें या प्रश्नाकडे आमचें लक्ष वेधलें. त्याविषयीं चार शब्द वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोलें हें सह्याद्रीच्या पायथ्याशीं, धारबांदोडा तालुक्यांत वसलेलें गांव. कॅसलरॉकहून कुळ्याकडे घाट उतरणाऱ्या आगगाडींतून पावसाळ्यांत प्रवास करण्याचा योग आम्हांस आला, तेव्हां हा प्रदेश आम्हीं पाहिला. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी. गाडी बोगद्यांतून बाहेर पडली कीं पुढें हिरवेंगार रान, आणि मध्येंच सुमारें ३१० मीटर उंचीवरून कोसळणारा शुभ्र दूधसागर. त्या वेळीं डब्यांतील सारी गडबड आपोआप थांबली, आणि लहान मुलेंहि खिडकीशीं निमूट उभीं राहिलीं. येथेंच भगवान महावीर अभयारण्य असून मोलें राष्ट्रीय उद्यान त्याच्याच पोटांत आहे. गवे, शेकरू, धनेश इत्यादि प्राण्यांची व पक्ष्यांची येथें वस्ती आहे, आणि पट्टेरी वाघाचाहि येथें वावर असतो.

या रानांतून ४०० किलोव्होल्ट दाबाची, म्हणजे चार लक्ष व्होल्टांची, नवी विद्युद्वाहिनी नेण्याचें ठरलें. दाब येवढा प्रचंड कां, याचें उत्तर शास्त्राच्या पुस्तकांत सांपडतें. तितकीच शक्ति दुप्पट दाबानें पाठविली तर प्रवाह निम्मा होतो, आणि तारेंत उष्णतेच्या रूपानें होणारा नाश चौथाईवर येतो. म्हणून दूरची वीज नेहमीं उच्च दाबानें आणावी लागते. अशा तारांस उघडी हवा हेंच आवरण. त्यामुळें त्यांस उंच मनोरे लागतात, व त्यांखालीं मोकळा पट्टा ठेवावा लागतो. आपल्या देशांत ४०० किलोव्होल्टांच्या वाहिनीसाठीं या पट्ट्याची रुंदी ४६ मीटर धरितात. माणसास हें अंतर चालून जाण्यास मिनिटभरहि लागत नाहीं. परंतु जें शेकरू आपला बहुतेक जन्म एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्या झाडाच्या फांदीवर जाण्यांत घालवितें, त्याच्या दृष्टीनें ४६ मीटरांची मोकळी जागा म्हणजे नदीच होय.

एप्रिल २०२० मध्यें, सारा देश टाळेबंदींत असतां, या वाहिनीस वन्यजीवविषयक संमति मिळाली. त्याच सुमारास याच रानांतील महामार्ग रुंद करणें आणि लोहमार्ग दुहेरी करणें या आणखी दोन योजनाहि पुढें आल्या होत्या. लोकांस घराबाहेर पडण्याची बंदी असतां येवढ्या मोठ्या निर्णयावर त्यांनीं बोलावें तरी कसें? तरीहि ते बोलले. शास्त्रज्ञांनीं, विद्यार्थ्यांनीं आणि व्यवसायिकांनीं सरकारास पत्रें लिहिलीं. चित्रकारांनीं रानांतील पशुपक्ष्यांचीं चित्रें काढलीं. लहान मुलेंहि त्यांत सामील झालीं. गोवा फाउंडेशन या संस्थेनें कायद्याच्या मार्गानें दाद मागितली. इकडे सांगोड येथें उपकेंद्राच्या जागेवर झाडें पडूं लागलीं होतीं.

या लोकांस एक प्रश्न वारंवार विचारला गेला: “तुम्हांस दिवे नकोत काय?” प्रश्न अगदींच अयोग्य नव्हे. गोमंतक आपल्या गरजेची बहुतेक वीज बाहेरून आणतो. येणाऱ्या वाहिन्या थोड्या असल्या, आणि त्यांतील एक बंद पडली, तर रुग्णालयापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सर्वांचीच अडचण होते. दुसरी वाट असावी, ही अपेक्षा रास्त आहे. विरोधकांपैकीं अनेकांनींहि ती नाकारली नाहीं. त्यांचें म्हणणें येवढेंच होतें कीं, ही दुसरी वाट अखंड रानास नवा छेद देऊन कां जावी? याच रानांतून २२० किलोव्होल्टांची एक जुनी वाहिनी पूर्वींच गेलेली आहे. तिच्या पट्ट्यांत झाडें कधींच तोडलेलीं आहेत. त्याच पट्ट्यांतून नवी वाहिनी नेतां येणार नाहीं काय?

सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या मध्यवर्ती अधिकारप्राप्त समितीनें सर्व बाजू ऐकून एप्रिल २०२१ मध्यें आपला अहवाल दिला. नवा पट्टा न काढतां जुन्या २२० किलोव्होल्टांच्या वाहिनीच्याच मार्गानें नवी वाहिनी न्यावी, अशी शिफारस तिनें केली. आणि एप्रिल २०२२ मध्यें न्यायालयानें ती मान्य केली. पुढील महिन्यांत दुहेरी लोहमार्गास मिळालेली वन्यजीवविषयक संमतीहि न्यायालयानें रद्द केली. वाहिनीपुरतें पाहिलें तर वीज आणण्यास कोणीं मनाई केली नाहीं. केवळ तिची वाट बदलली. ज्यांस विकासाचे शत्रु म्हणून हिणविलें गेलें, त्यांच्या हट्टामुळेंच अधिक शहाणपणाचा मार्ग कागदावर आला. ते गप्प बसले असते, तर तो मार्ग असूनहि कोणास दिसला नसता.

असा विरोध कांहीं आपल्याच देशांत झाला असें नाहीं. इंग्लंडमध्यें १९२९ सालीं ससेक्स परगण्यांतील हिरव्या टेकड्यांवरून विजेचे मनोरे जाणार असें ठरलें, तेव्हां लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत निषेधाचें पत्र प्रसिद्ध झालें. त्यावर सही करणारांत मुंबईंत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग होता, आणि अर्थशास्त्रज्ञ केन्सहि होता. मनोरे अखेर उभे राहिलेच. परंतु काळाची गति पाहा: २०२२ सालीं त्याच इंग्लंडमध्यें, डॉर्सेट परगण्यांतील एका रम्य भागांतून २२ मनोरे मुद्दाम उतरविण्यांत आले, आणि तेथील तारा जमिनीखालून नेण्यांत आल्या. भूमिगत तारांस जाड आवरण लागतें, लांबच लांब चर खणावे लागतात, आणि खर्च कित्येक पटींनीं वाढतो. तो सर्व खर्च करूनहि तेथील डोंगरांचें रूप परत आणण्याजोगें आहे, असें त्या देशास वाटलें. मोलेंचें रान मात्र एकदां तुटलें तर पैसे टाकून परत उभें करितां येणार नाहीं.

पवित्र शास्त्रांतील नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. अहाब राजानें त्यास दुसरा चांगला मळा देऊं केला, अथवा रोख किंमत देऊं केली. व्यवहार म्हणून पाहिलें तर राजाचें बोलणें वाईट नव्हतें. परंतु नाबोथास तो मळा वडिलांचा वारसा वाटत होता, आणि वारशाची किंमत रुपयांत करितां येत नाहीं. तारांखालीं ज्यांचीं शेतें येतात, त्यांस तर ‘नाहीं’ म्हणण्याची मोकळीकहि फारशी मिळाली नाहीं. मालकाच्या संमतीवांचून तारा नेण्याचा १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यांतील अधिकार २००३ च्या वीज कायद्यानें विजेच्या वाहिन्यांसाठींहि कायम ठेवला. २०१५ सालीं केंद्र सरकारानें मनोऱ्याखालील जमिनीस तिच्या किंमतीच्या ८५ टक्के, आणि तारांखालील पट्ट्यास फार तर १५ टक्के भरपाई सुचविली. २०२४ सालीं हें प्रमाण वाढविण्यांत आलें. हें योग्यच झालें. पण रानांतल्या धनेशास कोणत्या दरानें भरपाई द्यावी?

आणि तारेचें दुसरें टोंकहि विसरूं नये. या योजनेस ज्याचें नांव आहे, तें तमनार छत्तीसगडमधील रायगड जिल्ह्यांत, कोळशाच्या खाणींच्या मुलखांत आहे. तेथेंहि गांवें आहेत, शेतें आहेत, रानें आहेत. आपल्या घरांतील दिव्याचा उजेड आपला असतो. त्याचा भार मात्र वाटेवरच्या आणि उगमापाशींच्या लोकांवर पडतो.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, आपण विजेवांचून राहावें असें आमचें म्हणणें नाहीं. हा मजकूर लिहितांनाहि आमच्या डोक्यावर विजेचाच दिवा आहे. आमचें सांगणें साधें आहे. एखाद्या गांवानें अशा तारांस विरोध केला असें ऐकलें, तर त्या लोकांस अडाणी अथवा स्वार्थी ठरविण्यापूर्वीं, “दुसरी वाट पाहिली होती काय?” येवढा एकच प्रश्न विचारावा. तुमच्यांतील कांहीं जण उद्यां अभियंते होतील, कांहीं वकील होतील, कांहीं सरकारी अधिकारी होतील. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढणें तेव्हां तुम्हांस फार सोपें वाटेल. रेघ ओढण्यापूर्वीं त्या ठिकाणीं एकदां स्वतः जाऊन यावें, आणि तेथल्या माणसांचें म्हणणें ऐकावें. आणि तोंपर्यंत, वर्गांतून बाहेर पडतांना पंखे व दिवे बंद करावे. कारण त्यांतून वाचणारी वीज आणण्यासाठीं कोणाचेंहि रान तोडावें लागत नाहीं.