मच्छरदाणीतला पाहुणा

गिरगिट हा शब्द आमच्या घरांत दोन प्रसंगी निघतो. एक, कुणी दिलेला शब्द फिरवला की. दुसरा, कुंपणावर मान हलवणारा सरडा दिसला की. मग पोरांच्या हातात आपोआप दगड येतो. हजरत इब्राहीम यांना नमरूदने आगीत टाकलं, सगळी जनावरं आग विझवायला धावली आणि हा एकटा फुंकर घालून ती भडकवत राहिला, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी दादी-नानीच्या मांडीवर ऐकलेली असते. म्हणून त्याला मारलं तर सवाब, आणि पहिल्याच फटक्यात मारलं तर जास्त सवाब. या एका गोष्टीपायी मोहल्ल्यामोहल्ल्यांत किती सरडे गेले, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

तुंगार्लीत आम्ही राहतो त्या गल्लीच्या टोकाला करवंदीची आणि घाणेरीची जाळी होती. राजमाचीला पायी निघालेली पोरं तिथे थांबून करवंदं खायची. जागा विकली गेली, बंगल्यासाठी जेसीबी आला आणि पावसाच्या तोंडावर दोन दिवसांत सगळं सपाट झालं. त्याच संध्याकाळी शेजारचा पोरगा पुठ्ठ्याच्या खोक्यात काहीतरी घेऊन आमच्या ओट्यावर आला. बोटाएवढं पिल्लू, हिरवंगार, शेपटी जिलबीसारखी गुंडाळलेली. ओट्यावर बसलेल्या आमच्या खालाने तसबीह थांबवली आणि म्हणाली, ‘‘अरे, गिरगिट है वो! मार उसे, सवाब मिलेगा.’’ पोरगा बिचारा आमच्याकडे बघत राहिला. आम्ही खोकं हातात घेतलं, दार लावलं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. माणूस येईल, पण पाऊस जरा उघडू द्या, तोवर त्याला हात न लावता जपा, असं उत्तर आलं. लोणावळ्याचा पाऊस उघडायची वाट बघणं म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. तीन दिवस पाहुणा आमच्याकडे राहिला.

हा कुंपणावरचा नेहमीचा सरडा नव्हे. विणीच्या दिवसांत ज्या नराचं डोकं लाल होतं आणि ज्याला लोक रक्त पिणारा समजतात, तो निराळा. तो रक्तबिक्त काही पीत नाही, ही गोष्ट अलाहिदा. आमच्याकडे आलेला होता खरा शॅमेलिऑन. मराठीत त्याला घोयरा किंवा सरडगुहिरा असं स्वतंत्र नाव आहे. जगात त्याच्या दोनशेवर जाती आहेत, पण भारतात ही एकच. विषारी म्हणून लोक त्याला भितात. त्याला विष मुळीच नसतं.

बरणीत किंवा खोक्यात हा जीव टिकत नाही. त्याला चढायला फांदी लागते आणि वारा लागतो. आम्ही जास्वंदीची कुंडी व्हरांड्यात आणली आणि तिच्यावर बाळाची जुनी मच्छरदाणी सोडली. वाटीतलं पाणी त्याला कळतच नाही. पानावरचे थेंब तेवढे तो पितो. म्हणून इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घेऊन सकाळ-संध्याकाळ पानं भिजवायची. खाणं जिवंत हवं. पिकल्या केळ्याची साल मच्छरदाणीत ठेवली की चिलटं जमत, आणि शेजारचा पोरगा गवतातून नखाएवढे नाकतोडे आणून देई. पिल्लू एक डोळा चिलटावर लावी आणि दुसरा आमच्यावर. दोन्ही डोळे निरनिराळ्या दिशांना फिरतात, शिकार ठरली की मगच एका जागी येतात. मग जीभ सुटते. ती त्याच्या अंगाहून लांब असते, पण आमच्या डोळ्यांना ती एकदाही दिसली नाही. चिलट होतं आणि नंतर नव्हतं, एवढंच.

त्याचं चालणं मात्र बघत बसावं. पायाची बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली, चिमट्यासारखी. पुढचा पाय उचलायचा, हवेत तीनदा झुलवायचा, पानासारखं हलायचं, मग फांदी धरायची. नवी फांदी पक्की हाती लागल्याशिवाय जुनी सोडायची नाही. अरबांनी हे हेरलं होतं. जपून वागणाऱ्या माणसाला ते ‘हिर्बाहून सावध’ म्हणत.

हिर्बा. हा शब्द भेटला आणि आमचं लक्ष पिल्लावरून कपाटाकडे गेलं. आगीत फुंकर घालणाऱ्याचं हदीसमधलं नाव ‘वज़ग़’ आहे. वज़ग़ म्हणजे पाल, घराच्या भिंतीवरची. शॅमेलिऑनला अरबीत हिर्बा म्हणतात. मिसरच्या दमीरी या आलिमाने चौदाव्या शतकात ‘हयातुल हैवान’ हा प्राण्यांचा मोठा कोश लिहिला. त्यात या दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. पण उर्दूतल्या काही भाषांतरांत वज़ग़चं गिरगिट झालं, गिरगिटाचा आपल्याकडे सरडा झाला, आणि शिक्षा भिंतीवरून उतरून कुंपणावर गेली. कुणी कपट केलं असं नाही. शब्द एका भाषेतून दुसरीत जाताना घसरला, एवढंच. मरणारा मात्र दरवेळी भलताच.

खालाला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘किताब दिखाओ.’’ दाखवली. चष्मा लावून तिने बराच वेळ वाचलं आणि काही न बोलता केळ्याची साल मच्छरदाणीत सरकवली.

दुसरा आळ मराठीचा. सरडा रंग बदलतो, म्हणजे बेइमान. आम्ही पिल्लामागे लाल ओढणी धरून पाहिली. ते हिरवंच राहिलं. ऊन हवं असलं की सकाळी काळपट व्हायचं आणि अंग चपटं करून उजेडाकडे वळायचं. मांजर खिडकीत आलं की अंगावर गडद ठिपके उमटायचे. रात्री झोपेत फिकट पिवळं, जणू पिकलेलं पान. ऊब, उजेड, भीती, राग, सगळं आतलं त्याच्या कातडीवर येतं. कातडीखालच्या पेशींत अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो, हे जिनिव्हाच्या संशोधकांनी मादागास्करच्या एका जातीवर २०१५ मध्ये दाखवून दिलं. समोरच्याचा रंग उचलून त्याला फसवणं, हा मुळात त्याचा धंदाच नव्हे.

आम्ही घरात दखनी बोलतो, बाजारात मराठी, नमाजेत अरबी. लेकीच्या शाळेत, बँकेत, एसटीत कुणीतरी कौतुकाने म्हणतं, ‘‘तुम्ही मराठी किती छान बोलता हो!’’ जणू ती सकाळी कुणाकडून उसनी आणली आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, हे आम्हाला कळतं. तरी त्या संध्याकाळी मच्छरदाणीपाशी बसून आम्ही बराच वेळ त्या पिल्लाचे रंग पाहत राहिलो.

तिसऱ्या दिवशी मुलांनी हट्ट धरला, ठेवूया ना. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा प्राणी घरात पाळता येत नाही, हे सांगून मुलं ऐकत नाहीत. त्यांना त्या बाईची गोष्ट सांगितली, जिने मांजर कोंडलं, खायला दिलं नाही आणि स्वतः शोधून खायला सोडलंही नाही, आणि तिच्या वाट्याला जहन्नम आली. धाकटा म्हणाला, ‘‘पण आपण तर खायला देतोय.’’ बरोबर होतं. पण चिलटांवर तो किती दिवस वाढणार? कोवळ्या हाडांना ऊन लागतं, ते जूनमध्ये तुंगार्लीत कुठून आणणार? परदेशी शॅमेलिऑन पाळणारे शौकीन मुंबईत आहेत. ते खास दिवे लावतात, किड्यांवर कॅल्शियमची पूड टाकतात, आणि २०२४ पासून अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंदही करावी लागते. एवढं करूनही हा जीव माणसाच्या हाताला कधी रुळत नाही. आम्ही जवळ गेलो की दरवेळी ते फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकायचं.

दुपारी पाऊस थांबला आणि वनरक्षक आले. त्यांनी पिल्लू हाताने उचललं नाही, फांदीच कापून घेतली. शेपटीचं टोक मच्छरदाणीच्या जाळीत अडकलं होतं, ते खालाने सोडवलं. जाळी उरली आहे अशा वरच्या उतारावर त्यांनी ते सोडलं. आम्ही आणि शेजारचा पोरगा बरोबर गेलो होतो. फांदी करवंदीला टेकवली. पिल्लाने पाय हवेत झुलवला, पान धरलं, मग दुसरा पाय. दोन मिनिटांत ते कुठे आहे हे आम्हाला सांगता येईना.

पालीबद्दल मात्र खालाचं मत कायम आहे. ट्यूबलाइटमागची पाल आणि तिचा झाडू यांचं अजून चालूच आहे.