वत्सगुल्मातील विवाह : रचलेल्या मिथकाचा भूगोल

अकोल्याहून दक्षिणेला वाशीमकडे जाणारा रस्ता पातूरला पोहोचला की सपाटी संपते. गावाच्या पाठीशी अजिंठ्याच्या डोंगररांगेची उतरण उभी राहते आणि रस्ता घाट चढू लागतो. वऱ्हाडच्या जुन्या महसुली भाषेत घाटाखालचा तो पायनघाट आणि घाटावरचा तो बालाघाट. पातूर हा त्या दोहोंमधला उंबरठा. गावालगतच्या डोंगरात कोरलेली लेणी आहेत. वाकाटककाळाशी त्यांचे नाते जोडले जाते. परंतु अजिंठ्याची श्रीमंती तेथे नाही. पाहणाऱ्याला फार काही न सांगणारी ही लेणी मागे टाकून घाट चढला, आणि मालेगाव ओलांडले, की वाशीम येते. वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म. संस्कृत साहित्यशास्त्रातील बहुधा सर्वांत धीट असे कल्पित मिथक याच नगरात येऊन पूर्ण होते.

‘कल्पित मिथक’ हा शब्दप्रयोग वदतोव्याघातासारखा वाटणे स्वाभाविक आहे. मिथक समूहाचे असते, त्याला कर्ता नसतो, असे गृहीत धरण्याची अभ्यासकांना सवय आहे. विसाव्या शतकात जे. आर. आर. टोल्कीन याने या गृहीताला मोठाच छेद दिला. भाषा, वंशावळ्या, नकाशे, सृष्टीच्या उत्पत्तीची कथा, हे सर्व एका माणसाने रचावे आणि वाचकाने त्यात प्राचीनतेचा अनुभव घ्यावा, असा तो उद्योग होता. त्यातील पुराणभाग ‘द सिल्मॅरिलियन’ या नावाने १९७७ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, प्रसिद्ध झाला. अशा रचनेला मराठीत ‘प्रतिसृष्टी’ हा विश्वामित्राच्या कथेतून आलेला शब्द अधिक नेमका ठरेल. त्या शब्दात निर्मितीबरोबर हट्टही आहे. मात्र एकट्या कर्त्याने जाणीवपूर्वक पुराण रचण्याची ही कल्पना पश्चिमेतून आली, असे समजून महाकाय अद्भुतिकांची चर्चा करणाऱ्यांनी राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’चा तिसरा अध्याय उघडून पाहावा.

दहाव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ म्हणून छापला गेला. अठरा अधिकरणांच्या संकल्पित रचनेपैकी ‘कविरहस्य’ हे एकच अधिकरण आज हाती आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात राजशेखर काव्यपुरुषाचा जन्म सांगतो. पुत्रप्राप्तीसाठी हिमालयात तप करणाऱ्या सरस्वतीला मुलगा होतो आणि तो उठून छंदोबद्ध वाणीत आईला वंदन करतो. शब्द आणि अर्थ हे त्याचे शरीर, रस हा आत्मा. संस्कृत त्याचे मुख, प्राकृत बाहू, अपभ्रंश जघन, पैशाची पाय. पुढे ब्रह्मलोकी निघालेल्या आईबरोबर जायला न मिळाल्याने तो रुसून घर सोडतो. त्याचा मित्र कुमार कार्तिकेय रडू लागतो. त्याची समजूत घालणारी गौरी विचार करते, की प्रेमासारखे दुसरे बंधन नाही; आणि ती साहित्यविद्यावधू निर्माण करून तिला काव्यपुरुषाच्या मागे धाडते.

यानंतरचा प्रवास हा या प्रतिसृष्टीचा नकाशाच आहे. पूर्वेकडे अंग-वंगांच्या प्रदेशात वधू जो वेष धारण करते ती तेथील प्रवृत्ती, जे नृत्यगीत करते ती वृत्ती. आणि अजून वश न झालेला काव्यपुरुष जे बोलतो, समासांनी आणि अनुप्रासांनी लदलेले, ती गौडी रीती. पांचालात तो थोडा वळतो, समास कमी होतात, ती पांचाली. अवंतीवरून दोघे दक्षिणेला येतात, तेव्हा तो पुरता वश झालेला असतो. त्याची वाणी समासमुक्त होते, अनुप्रास बेताचा राहतो, ही वैदर्भी. आणि विदर्भात, मदनाची क्रीडाभूमी असलेल्या वत्सगुल्म नगरात, त्यांचा गांधर्वविवाह होतो.

हे रूपक आहे, असे म्हणून समीक्षक पुढे निघून जातात. रीतिविचाराच्या क्रमिक विवेचनात ही कथा एका वाक्यात आटोपते, आणि त्यात काही चुकले असे कोणाला वाटत नाही. टोल्कीननेही रूपककथेविषयीची आपली नावड आपल्या प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवली होती. परंतु राजशेखराची कथा रूपकात मावत नाही. सिद्धांताला तीन रीती पुरेशा होत्या. रडणारा कुमार कशासाठी? सरस्वती स्नानाला गेली असता उघड्यावर राहिलेल्या त्या बाळाला उशना उचलून आपल्या आश्रमात नेतो, आणि वेडीपिशी झालेल्या आईला वाल्मीकी वाट दाखवतो, हा भाग कोणत्या शास्त्रीय संज्ञेचे रूप आहे? जेथे तपशील अर्थाहून अधिक होतो तेथे रूपक संपून मिथक सुरू होते, असा निकष लावला तर या कथेतील सर्वांत मोठा अधिक तपशील ‘वत्सगुल्म’ हाच ठरतो. वैदर्भीला विदर्भ पुरेसा होता. नगराचे नाव घेण्याची सिद्धांताला गरज नव्हती.

मग ते का घेतले? स्वदेशाभिमान हे सोपे उत्तर आहे. राजशेखराचा पणजोबा अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून ओळखला जाई. तथापि राजशेखराचा आश्रय कनौजच्या प्रतिहारांचा, म्हणजे पांचालाचा. आणि याच ग्रंथात तो पांचालातील कवींच्या काव्यपठनाची मुक्तकंठाने स्तुती करतो. आश्रयदात्याला खूश करायचे तर विवाह कनौजलाच लावायचा. त्याने तसे केले नाही. ‘कर्पूरमंजरी’तही नायिका दक्षिणापथातल्या वच्छोम नगरातून भैरवानंदाच्या योगबळाने आणली जाते, आणि त्याच सट्टकाच्या आरंभी वैदर्भीचा उल्लेख ‘वच्छोमी’ असा येतो. नगराच्या नावाने रीती ओळखली जात होती, हे यावरून उघड आहे.

ही ओळख कशावर उभी होती, हे १९१६ मध्ये ग्रंथ छापणाऱ्यांना कळणे शक्य नव्हते. १९३९ मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. वत्सगुल्माहून दिलेले, काही भाग संस्कृत आणि काही प्राकृत असलेले ते दानपत्र. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथून राज्य करीत होती, हे तेव्हा प्रथमच नीट उलगडले, वा. वि. मिराशींनी त्या शाखेचा इतिहास जुळवून दिला. शाखेचा संस्थापक सर्वसेन हा ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता. रसासाठी मूळ कथेत बदल करणाऱ्यांत आनंदवर्धन त्याचे नाव घेतो. कुंतक त्याला सुकुमार मार्गाच्या कवींत कालिदासाशेजारी बसवतो. ते काव्य आज लुप्त आहे. राजशेखराच्या काळी ती राजसभा मावळून चारशे वर्षे झाली होती. इतिहासाने गमावलेले मिथकाने जपले, आणि तेही एका रचलेल्या, कर्ता माहीत असलेल्या मिथकाने. रचलेले म्हणजे खोटे, हे समीकरण येथे टिकत नाही.

या नगराभोवती इतरही कथा आहेत. ‘कथासरित्सागरा’त बृहत्कथाकार गुणाढ्याच्या मामांची नावे वत्स आणि गुल्म अशी आहेत. कामसूत्राची ‘जयमंगला’ टीका नगरनामाची उपपत्ती देताना दोन राजपुत्र सांगते, त्यांचीही नावे तीच. गुणाढ्याची भाषा पैशाची. तिच्यातील बृहत्कथा हरवली, म्हणजे काव्यपुरुषाचे पायच हरवले म्हणायचे. स्थानिक माहात्म्याला मामाही ठाऊक नाहीत, राजपुत्रही नाहीत. तेथे वत्स हा ऋषी आहे, आणि त्याच्या तपाने आश्रमापाशी येऊन वसलेला देवांचा समूह म्हणजे गुल्म. वाशीमला पद्मतीर्थ आहे, बालाजीचे मंदिर आहे, यात्रेकरू आहेत. माहात्म्याला श्रद्धेचा आधार मिळाला. राजशेखराच्या कथेला वाचकच मिळायचे होते, आणि ते विद्यापीठीय अभ्यासक्रमातल्या ‘रीतिसंप्रदाय’ या प्रकरणाच्या पलीकडे क्वचितच गेले. वऱ्हाडातील विद्यार्थी ‘वैदर्भी’ची व्याख्या पाठ करतो, तिचे दुसरे नाव त्याच्या शेजारच्या जिल्ह्याच्या ठिकाणावरून पडले आहे, हे त्याला सांगितले जात नाही. देशीयतेची एवढी चर्चा झालेल्या समीक्षेत हे राहून जावे, हे नवलाचे आहे.

विवाहानंतर ते दांपत्य वत्सगुल्मात राहत नाही. ठिकठिकाणचे प्रदेश पाहत ते हिमालयात परतते. तेथे सरस्वती आणि गौरी त्यांना कवींच्या मनात वसण्याचा वर देतात. परतीची वाट राजशेखर सांगत नाही. वाशीमहून सरळ उत्तरेला निघालेल्याला मात्र पातूरचा घाट उतरावा लागतो.