बिल नको, शंभर रुपये कमी

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या! फर्स्ट सेमला कॅल्क्युलेटर घेतला. दुकानदारकाका म्हणाले, "बिल नको असेल तर शंभर कमी." मी खूश! आठवड्यात आकड्यांची वरची आडवी रेघ उमटेना. ७ आणि १ सारखेच दिसू लागले. काकांनी नुसती पाटी दाखवली, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. अडखळत वाचली.

नंतर कळलं, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलावरच्या मुदतीत, ती नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही. पण बिल नको तर मीच म्हटलं होतं ना! बाबांना अजून सांगितलेलं नाही. सबमिशनला ७ की १, अंदाजानेच लिहिते.