पाण्याने दिलेली वाट

विहिरीवर झुकलेल्या फांदीवर बसून खंड्या पक्षी पाण्याकडे टक लावून पाहत असतो. मासोळी दिसताच तो सूर मारतो. लांब, निमुळती चोच पुढे आणि पंख अंगालगत मिटलेले, असा तो बाणासारखा पाण्यात शिरतो. पृष्ठभागावर लहानसे वलय तेवढे उमटते. थोड्या वेळाने त्याच विहिरीत मुले धबाधब उड्या घेतात, तेव्हा पाणी उसळून काठ भिजवते. पाणी तेच, पण एकाला ते वाट देते आणि दुसऱ्याला अडवते.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. शिवाय त्यातून जाणाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याला होणारा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून जो आपले अंग आखडून निमुळते करील, त्याचाच मार्ग सुकर होतो.

एका शहरातील पोहण्याच्या तलावावर एक मुलगा नेमाने येत असे. त्याचे बाहू भरदार होते आणि आपल्या बळाचा त्याला अभिमानही होता. तरीही शर्यतीत एक किरकोळ अंगाचा मुलगा त्याला नेहमी मागे टाकी. हा भिंतीला पाय रेटताच हातपाय मारू लागे. तो मात्र क्षणभर निश्चल राहून पाण्याखालून सरकत जाई. पराभवाने खिन्न झालेल्या मुलाला एके दिवशी गुरुजी म्हणाले, "बाळ, तू पाण्याशी भांडतोस. आधी त्यातून जायला शीक."

एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून हात पुढे ताणायचे, दंड कानांना टेकवायचे, दृष्टी तळाकडे ठेवायची, पोट आत ओढायचे आणि जुळलेल्या पायांची बोटे मागे ताणायची. भिंतीला रेटा द्यायचा तो हातभर खोलीवरून. कारण पृष्ठभागावर लाटा उठवण्यात वाया जाणारी शक्ती तेथे वाचते. सांगायला हे सोपे होते. परंतु शेजारचा कोठवर पोहोचला, हे पाहण्याचा मोह त्या मुलाला आवरत नसे. मान वर झाली, की पाणी त्याला तत्काळ अडवी.

महिनाभराने त्याची मान स्थिर झाली. मग दुसरी चूक होऊ लागली. सरकण्याच्या आनंदात तो वेग मरेपर्यंत तसाच पडून राही. गुरुजींनी समजावले, "सरकण्याचा वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरला, की त्याच क्षणी हातपाय हलले पाहिजेत."

त्यांनी त्याला मासारू फुरुकावा या जपानी जलतरणपटूची हकीकत सांगितली. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिक सामन्यांत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे बहुतेक अंतर पाण्याखालून तोडून त्याने सुवर्णपदक मिळवले. पुढे तशा पोहण्यावर नियमाने बंधन आले. "श्वास फार वेळ कोंडणे जिवावर बेतते," गुरुजींनी बजावले, "म्हणून काठावर जाणता माणूस असल्यावाचून हा सराव कधी करू नकोस."

पुढच्या शर्यतीत तो मुलगा पहिला आला नाही. वीतभर अंतराने मागे राहिला. पाण्याबाहेर येताच गुरुजींनी विचारले, "शेजारचा केव्हा पुढे गेला रे?"

"मी पाहिलेच नाही, गुरुजी," तो म्हणाला.

गुरुजींनी समाधानाने त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला.