पाण्याची हजेरी

आमच्या जुन्या शहरात ओळखीच्या दहा घरांचा विचार केला तर निदान तीन-चार घरांतला एखादा मुलगा बाहेरगावी नाहीतर परदेशात आहे. कोणी पुण्याला, कोणी दुबईला, कोणी सौदीत. मुले कष्टाळू आहेत. आई-वडिलांना पैसे पाठवतात, औषधांची चौकशी करतात, ईदला कपडे पाठवतात. घराला रंग देणे, फरशी बदलणे, गच्चीवर खोली चढवणे ही सगळी कामे आता फोनवरून होतात. फोनवरून न होणारे एक काम मात्र उरतेच. नळ येतो तेव्हा घरात कोणीतरी असावे लागते.

अकोल्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. मोर्णा नदीने आमच्या शहराचे दोन भाग केले आहेत. पश्चिम काठावर असदगड किल्ल्याजवळचे ते जुने शहर. इंग्रजांच्या काळातील कचेऱ्या आणि बंगले पलीकडच्या काठावर, ताजनापेठेच्या बाजूला उभे राहिले. मोर्णा आमच्या दाराशी आहे, पण तिचे पाणी आता कोणी घरात घेत नाही. पिण्याचे पाणी येते बार्शीटाकळी तालुक्यात महानजवळ काटेपूर्णा नदीवर बांधलेल्या धरणातून. पाऊस चांगला झाला तर ठीक, नाहीतर हिवाळ्यातच धरणाच्या साठ्याचे आकडे वर्तमानपत्रात येऊ लागतात आणि बायका ड्रम घासायला काढतात.

आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. कधी चौथ्या दिवशी, कधी सहाव्या, कडक उन्हाळ्यात त्याहून उशिरा. वेळ बहुतेक मध्यरात्रीनंतरची. बोअर आहे, पण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. आमच्या बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, डाळ शिजत नाही, चहाची चव जाते. शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा कूलरही माणसासारखाच तहानलेला असतो. त्याला दिवसाला चार-पाच बादल्या लागतात.

माझा धाकटा भाऊ जेद्दाहला एका कंपनीत आहे. बायको-मुले तिथेच. अब्बांच्या पश्चात माहेरच्या घरात अम्मी एकटी राहते. माझे सासर दोन गल्ल्या पलीकडे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. उन्हाळ्यात सकाळची शाळा असली की सातला वर्गात हजर राहावे लागते. नळ पहाटे साडेतीनला आला, तर जेद्दाहमध्ये रात्रीचा एक वाजलेला असतो. म्हणजे ज्या वेळी अम्मीला मदतीची गरज असते, त्या वेळी मुलगा झोपेत असतो आणि मुलगी दोन गल्ल्या दूर.

भावाने काही कमी केले नाही. आधी अंगणात दोन हजार लिटरचे जमिनीखालचे टाके बांधले, गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवली आणि मधे मोटार. मोटार आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून दोन्हीकडे तरंगणारे गोळे लावले. पहिले सहा महिने सगळे छान चालले. मग टाक्याच्या तळाशी गाळ साचला, खालचा गोळा त्यात अडकला आणि टाके रिकामे झाले तरी वर चढलेलाच राहिला. यंत्राला वाटले पाणी आहे. मोटार कोरडी चालली आणि जळाली. यंत्र गोळ्याची जागा ओळखते, पाणी ओळखत नाही. टाक्याचे झाकण उघडून आत डोकावणारे माणूस असते, तर हे पाच मिनिटांत कळले असते.

त्यानंतर त्याने कॅमेरा बसवला. जेद्दाहमध्ये बसून त्याला टाके, मोटार आणि नळ दिसू लागले. पण त्याच अंगणात अम्मी वजू करते, केस वाळवते, शेजारच्या बाया कपडे धुवायला येतात. चार दिवसांनी कॅमेऱ्यावर ओला टॉवेल वाळत पडलेला दिसला. भावाचा फोन आला, ‘‘आपा, कॅमेरा बंद पड गया क्या?’’ मी म्हटले, बंद नाही, अम्मीने त्याला परदा केला आहे. तो हसला आणि मग गप्प झाला. आपल्याच घराच्या अंगणात बायकांना अवघडायला होते, हे दुरून लक्षात येत नाही.

टँकरचाही प्रयोग झाला. पैसे फोनवरून गेले, टँकर आलाही, पण जुन्या शहराच्या गल्लीत तो शिरणार कसा? कोपऱ्यावर उभा राहिला. पाइप ओढायला, चाव्या उघडायला, टाक्याशी उभे राहायला आणि पाणी पूर्ण उतरले का ते बघायला दोन माणसे हवीत. ती पैशांबरोबर पाठवता येत नाहीत.

कोणीतरी त्याला सल्ला दिला की सरळ नळालाच टिल्लू पंप लावा, दहा मिनिटांत टाके भरेल. हे अम्मीने ऐकूनच घेतले नाही. टिल्लू पंप लाइनमधले पाणी ओढून घेतो, त्यामुळे गल्लीच्या शेवटच्या घरांचा नळ नुसता सू-सू करत राहतो. ते नियमात बसत नाही आणि शेजाऱ्याच्या हक्कातही बसत नाही. ‘‘हमारा टाका भरा और उनका घडा खाली, ऐसा पानी मुझे नहीं चाहिए,’’ एवढे बोलून तिने विषय संपवला.

खरी गोष्ट यापुढची आहे. अम्मीला मी दवाखान्यात नेले. ब्लडप्रेशर गोळ्या घेऊनही खाली येत नव्हते. डॉक्टरांनी विचारले, ‘‘झोप लागते का?’’ अम्मी सहज म्हणाली, ‘‘नल आता ना रात को.’’ मग एकेक कळत गेले. नळ नेमका कोणत्या रात्री येईल याचा भरवसा नाही, म्हणून ती रोजच अंगणात नळाशेजारी खाट टाकून पडत होती. पाणी येण्याआधी नळातून हवा सुटते, त्या आवाजाने जाग यावी म्हणून तोटी उघडी ठेवत होती. सहा रात्रींतल्या एका रात्रीसाठी उरलेल्या पाच रात्रीही जागरण. मुलाला फोनवर मात्र रोज एकच उत्तर, ‘‘सब ठीक है बेटा, टाकी भरी हुई है.’’ टाकी भरलेली होती, हे खरेच होते. ती कशी भरत होती, हे त्याने विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते.

मी त्याला सगळे सांगितले. तो हळवा झाला. म्हणाला, अम्मीला इकडेच घेऊन येतो, इथे तोटी उघडली की पाणी येते. मी विचारले, तुमच्या बिल्डिंगचे टाके कोण भरते? तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, ‘‘हारिस.’’ हारिस म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार. खालच्या टाक्यात पाणी किती आहे ते तो बघतो, मोटार तो चालवतो, शहराची लाइन कमी पडली तर पाण्याचा ट्रक, ज्याला तिथे ‘वायत’ म्हणतात, तो बोलावतो आणि ट्रक रिकामा होईपर्यंत उभा राहतो. तो बांगलादेशचा आहे. त्याच्या गावी त्याच्या आईचा घडा दुसरे कोणीतरी भरत असेल.

जेद्दाहचेही पाणी आपोआप आलेले नाही. समुद्र समोर, पण गोडे पाणी नाही, अशी या शहराची जुनी कहाणी आहे. उस्मानी राजवटीच्या शेवटच्या काळात तिथे समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडे पाणी काढणारे यंत्र बसले. लोक त्याला ‘कंदासा’ म्हणत. १९४७ मध्ये वादी फातिमाचे पाणी नळाने शहरात आले. १९७० पासून समुद्राचे पाणी मोठ्या प्रमाणावर गोडे होऊ लागले. आज तोटीतून जे सहज येते, त्यामागे यंत्रांइतकीच रात्रपाळी करणारी माणसेही आहेत.

दूर राहून दुसऱ्या गावाच्या पाण्याची काळजी वाहणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव खलिफा हारून रशीद यांची पत्नी जुबैदा हिचे. ती राहायची बगदादमध्ये. हजला गेली तेव्हा मक्केतील पाण्याचे हाल तिने पाहिले आणि स्वतःच्या पैशाने डोंगरांतून पाण्याचा कालवा काढवला. तोच ‘ऐन जुबैदा’. ८३१ मध्ये तिचे निधन झाले, पण कालवा शतकानुशतके चालला. एकदा बांधला म्हणून तो चालला नाही. पुरांनी तो फुटायचा, गाळाने भरायचा. सोळाव्या शतकात सुलतान सुलेमान यांची मुलगी मिहरिमाह हिने त्याच्या दुरुस्तीला पैसा दिला. एकोणिसाव्या शतकात भारतातील मुसलमानांनीही देणग्या पाठवल्या. पैसा बगदादहून, इस्तंबूलहून, हिंदुस्थानातून आला. कुदळ मात्र जागेवरच्या माणसाच्या हातात होती. देणाऱ्यांनी त्या हातांचीही सोय केली, म्हणून पाणी वाहिले.

आम्हीही तेच करायचे ठरवले. मी मास्तरीण, म्हणून आधी हजेरीपुस्तक काढले. अम्मीच्या स्वयंपाकघरात एक वही टांगली. नळ कोणत्या तारखेला आला, किती वाजता आला, किती वेळ राहिला. तीन महिन्यांत एवढे स्पष्ट झाले की चौथ्या दिवसाच्या आत नळ येतच नाही आणि बहुतेक वेळा तो तीन ते पाचच्या दरम्यान येतो. म्हणजे नळ येऊन गेल्यावर निदान तीन रात्री अम्मीने निर्धास्त झोपायला हरकत नव्हती.

मग हिशेब मांडला. शहरासाठी सरकारी मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे. अम्मीचे तेवढे आणि कूलरचे ६० धरले तर रोजचे १९५ लिटर. दोन्ही टाक्यांत मिळून तीन हजार लिटर मावते, म्हणजे पंधरा दिवसांचे पाणी. एखादी पाळी चुकली तरी अम्मी कोरडी राहत नाही. हे कागदावर पाहिल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा आला, तो कुठल्याही यंत्राने आला नव्हता.

उरला प्रश्न पाळीच्या रात्रीचा. शेजारच्या खाला भाड्याच्या खोलीत राहतात. पाच माणसे, स्वतःचा नळ नाही. त्या नाहीतरी पाण्यासाठी जाग्याच असतात. भाऊ म्हणाला, त्यांना महिन्याला काही रक्कम देऊ. मी त्याला थांबवले. वर्षानुवर्षे वाटीभर सालन ज्यांच्याकडून येते, त्यांच्या हातात असे पैसे ठेवता येत नाहीत. अम्मीने दुसरा मार्ग सुचवला. आमच्या टाकीवरून बाहेरच्या भिंतीला एक तोटी काढली, मोटारीचे बटण आतून काढून बोळात आणले आणि फाटकाची एक चावी खालांकडे दिली. नळ आला की त्या मोटार सुरू करतात, टाकी भरली की बंद करतात. त्यांच्या घराला रोज अडीचशे लिटरच्या आसपास पाणी जाते. आता तीन हजार लिटर पाणी आठवडाभरही पुरत नाही, म्हणजे प्रत्येक पाळी गाठणे त्यांच्याही गरजेचे झाले. उपकार कोणावरच नाही. खाला माहेरी गेल्या की ती पाळी माझ्या मुलाची. विजेचे बिल, टाक्याची वर्षातून दोनदा सफाई आणि मोटारीची दुरुस्ती भावाची.

परदेशी राहणाऱ्या भावंडांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली कागदांची. अनेक घरांत नळाचे कनेक्शन अजून मयत वडिलांच्या नावावर आहे. बिल जगात कुठूनही भरता येते, पण नाव बदलायला वारसांचे कागद आणि सह्या लागतात. तुम्हाला येणे शक्य नसेल तर तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन इथल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करा. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लावून घ्यावा लागतो. सुटीत आलात की हे काम आधी उरका, दावती नंतर.

दुसरी गोष्ट फोनची. ‘टाकी भरली का?’ या प्रश्नाला आई नेहमी ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी विचारा, काल रात्री कोण उठले होते? बादली कोणी उचलली? तू किती वाजता झोपलीस? आणि जी बहीण, भावजय किंवा शेजारीण इथे पहाटे उठते, तिलाही महिन्यातून एकदा स्वतंत्र फोन करा, सूचना न देता. माझा भाऊ आता दर जुम्याला खालांशी बोलतो. पाण्याचा विषय त्यात फारसा निघत नाही. खाला त्याला मुलांचे विचारतात, तो त्यांच्या गुडघ्यांचे विचारतो.

अम्मीची खाट आता आतल्या खोलीत, कूलरसमोर आहे. ब्लडप्रेशरची गोळी चालूच आहे, पण आकडे बरे आहेत. वही अजून भिंतीवर टांगलेली आहे. फक्त आता तिच्यात अर्ध्याहून जास्त नोंदी खालांच्या नातीच्या अक्षरात आहेत. ती माझ्याच शाळेत सहावीत शिकते आणि तारीख कधी चुकवत नाही.