प्रिंटरचा पत्ता

आमच्या शिक्षकांच्या खोलींत खिडकीपाशीं एक जुनें लांकडी टेबल आहे. मी याच शाळेंत विद्यार्थी होतों त्या काळीं त्यावर सायक्लोस्टाइलचें यंत्र असे. मेणकागदावर प्रश्नपत्रिका लिहावयाची, तो कागद रुळावर चढवावयाचा आणि दांडा फिरवून एकेक प्रत काढावयाची, असा तो प्रकार होता. आणि परीक्षेच्या दिवशीं हातांत पडलेल्या कागदाला शाईचा जो उग्र वास येई, तो आमच्या पिढीच्या स्मृतींतून अद्याप गेलेला नाहीं. गेल्या वर्षीं जून महिन्यांत त्याच टेबलावर एक नवा प्रिंटर येऊन बसला व तो सुरू करून देण्याचें काम मुख्याध्यापकांनीं मजकडे सोंपविलें. त्या कामांत मला जें यश आलें आणि त्याहूनहि अधिक जें अपयश आलें, त्याची हकीकत विद्यार्थी वाचकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

आमचा पूर्वींचा प्रिंटर एका संगणकाला तारेनें बांधलेला होता. कोणास एक पान छापावयाचें असलें तरी त्यानें पेनड्राइव्ह घेऊन त्या एकाच संगणकासमोर आपली पाळी येईपर्यंत तिष्ठत राहावें, अशी स्थिति होती. नवा प्रिंटर वायफायवर चालणारा. अर्थात् तो कोणा एका संगणकाचा नव्हे, तर सर्वांचा. ही सोय आज आपणांस क्षुल्लक वाटते. परंतु संगणकांच्या जाळ्याच्या इतिहासांत तिला मोठें स्थान आहे. अमेरिकेंत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत १९७३ सालीं रॉबर्ट मेटकाफ यांनीं ‘ईथरनेट’ या जोडणीची कल्पना मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्या साह्यानें ती प्रत्यक्षांत आणली. तेथील पुष्कळशा संगणकांना परस्परांशीं आणि एका लेझर प्रिंटरशीं जोडावें, हा त्या खटपटीचा एक मुख्य हेतु होता. एका छापयंत्राचा लाभ अनेकांनीं घ्यावा, या साध्या गरजेनें केवढें काम करविलें, हें यावरून दिसून येईल.

आतां आमच्या जोडणीकडे वळूं. प्रथम प्रिंटरच्या लहानशा पडद्यावर शाळेच्या वायफायचें नांव शोधावयास गेलों, तों तें सांपडेना. अर्धा तास गेल्यावर ध्यानांत आलें कीं, आमचा राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर बोलतो आणि हा प्रिंटर त्यांपैकीं पहिलीच ओळखतो. पहिल्या लहरीचें नांव निवडून परवलीचा शब्द भरतांच प्रिंटर जाळ्यांत आला. मग संगणकाच्या सेटिंग्जमध्यें जाऊन प्रिंटरची यादी उघडली. आमच्या पांचांपैकीं दोन संगणकांना तो आपोआप दिसला, तिघांना दिसला नाहीं. तेव्हां आपोआप शोधण्याचा नाद सोडून, ‘आयपी पत्त्यानें जोडा’ हा मार्ग मीं पांचहि संगणकांवर पत्करला. प्रिंटरच्या पडद्यावर १९२.१६८.१.४ हा पत्ता दिसत होता. तो जसाच्या तसा भरला, ड्रायव्हर बसविला आणि चांचणीचें पान छापण्याची आज्ञा केली. यंत्र क्षणभर घुरघुरलें आणि पान बाहेर आलें. सहकाऱ्यांनीं टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांनीं मला थोडी भूल पडली, हें मी नाकारीत नाहीं.

जुलैपासून मात्र विघ्न सुरू झालें. एखाद्या सकाळीं संगणकावर ‘ऑफलाइन’ असें अक्षर येई आणि कितीहि आज्ञा केली तरी प्रिंटर ढिम्म हालत नसे. तो चालू असे, त्याचा दिवा जळत असे, त्यांत कागद असे. पण आमची हांक त्यास ऐकूं जात नसे. मी कधीं प्रिंटर, कधीं राउटर बंद करून पुन्हा चालू करीं, आणि दोन-तीनदां असें केल्यावर काम पूर्ववत् सुरू होई. तें कां बंद पडलें आणि कां सुरू झालें, याचा शोध मीं घेतला नाहीं. वर्गांत मुलांना ‘कारणावांचून कार्य नाहीं’ असें शिकविणाऱ्या मनुष्यानें हा आळस करावा, याची आतां लाज वाटते.

कारण शोधलें नाहीं. पण दोषी मात्र शोधला. आमच्या शाळेचे वृद्ध शिपाई, ज्यांना आम्ही सारे ‘मामा’ म्हणतों, ते रोज ती खोली झाडतात व टेबलें पुसतात. एका सकाळीं प्रिंटर पुन्हा रुसला तेव्हां मी सर्व शिक्षकांच्या देखत म्हणालों, “मामा, या यंत्राला तुम्ही हात लावीत जाऊं नका. तुमच्या फडक्यानें त्याची कांहीं तरी जोडणी हालते.” मामा म्हणाले, “सर, मी नुसती वरची धूळ पुसतो. शनिवारी जाताना मुख्य बटण तेवढं बंद करतो. ते तुम्हीच सांगितलंत.” मीं उत्तर दिलें नाहीं. त्या दिवसापासून ते त्या टेबलावरून फडकें फिरवीनासे झाले, आणि प्रिंटरवर धूळ सांचूं लागली.

सहामाही परीक्षा एका मंगळवारीं सुरू व्हावयाची होती. आदल्या दिवशीं दुपारीं चार वाजतां दहावीच्या गणिताची प्रश्नपत्रिका छापावयास घेतली, तों पुन्हा तेंच ‘ऑफलाइन’. राउटर चार वेळां बंद-चालू केला, व्यर्थ! प्रश्नपत्रिका बाजारांतील झेरॉक्सच्या दुकानांत नेतां येत नाहीं, हें सांगावयास नको. सहा वाजले. मामा किल्ल्या घेऊन दारांत उभे होते. ते संकोचानें म्हणाले, “सर, एक बोलू का? हा मंगळवारी, बुधवारी कधी रुसत नाही. सोमवारीच रुसतो. नाहीतर सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी.”

त्या एका वाक्यानें माझे डोळे उघडले. मी प्रिंटरपाशीं गेलों व त्याच्या पडद्यावरील जाळ्याची माहिती उघडली. तेथें पत्ता होता १९२.१६८.१.७. आमचे पांचहि संगणक त्यास १९२.१६८.१.४ या पत्त्यावर हांका मारीत होते! प्रिंटर बहिरा नव्हता. त्यानें बिऱ्हाड बदललें होतें आणि आम्ही जुन्या बिऱ्हाडाचें दार ठोठावीत होतों.

झालें होतें तें असें. जाळ्यांत येणाऱ्या प्रत्येक यंत्रास राउटर एक पत्ता देतो. १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘डीएचसीपी’ नांवाच्या नियमांप्रमाणें हा पत्ता कायमचा दिलेला नसतो. तो ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्यानें दिलेला असतो, आणि इंग्रजींतहि त्यास ‘लीज’ असेंच म्हणतात. शनिवारीं मुख्य बटण बंद होतांच आमच्या राउटरची भाडेकरूंची वही कोरी होई. सोमवारीं जो प्रथम येईल त्याला पहिली खोली, या न्यायानें शिक्षकांचे मोबाइल व कार्यालयांतील संगणक आधीं पत्ते घेत, आणि प्रिंटरच्या वांट्यास उरलेला येई. कधीं योगायोगानें जुनाच मिळे. मग मी आपल्या कौशल्यानें तो दुरुस्त झाला असें समजें. अन्य दिवशीं राउटर चालूच राहत असल्यामुळें कांहीं बिघडत नसे. मामांनीं हें कित्येक आठवडे पाहिलें होतें. पण ज्याच्यावर आळ आला आहे त्यास कोणी विचारीत नाहीं.

उपाय फार तर दहा मिनिटांचा होता. प्रत्येक यंत्राला कारखान्यांतूनच बारा अक्षरांचा एक कायम क्रमांक मिळालेला असतो. त्यास ‘मॅक’ पत्ता म्हणतात. राउटरच्या पानावर जाऊन, या क्रमांकाच्या यंत्राला सदैव हाच आयपी पत्ता द्यावा, अशी नोंद मीं केली. नुसत्या प्रिंटरवरच मनास येईल तो आंकडा कायम करून चालत नाहीं, कारण राउटर तोच पत्ता अजाणतां दुसऱ्यासहि देऊं शकतो, आणि मग एकाच घरक्रमांकावर दोन कुटुंबें नांदूं लागतात. नंतर पांचहि संगणकांवर प्रिंटरच्या पोर्टमधील जुना पत्ता काढून नवा भरला आणि तो एका कागदावर लिहून प्रिंटरच्या पाठीवर चिकटविला. शेवटीं मामांना म्हणालों, “मामा, आतां मुख्य बटण तुमच्या हातानें बंद करा आणि पुन्हा चालू करा.” त्यांनीं तसें केलें. पांच मिनिटांनीं पहिली प्रश्नपत्रिका बाहेर आली. साऱ्या प्रती मोजून कपाटांत ठेवीपर्यंत आठ वाजले. मामा तोंवर थांबले होते.

दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेनंतर सर्व शिक्षक खोलींत जमले असतां मीं मामांची क्षमा मागितली. आरोप चारचौघांत केला होता. तेव्हां क्षमा एकांतांत मागणें हा हिशेब बरोबर झाला नसता. मामा एवढेंच म्हणाले, “असू द्या सर. मग आता धूळ पुसू ना?” आणि त्यांनीं खांद्यावरचें फडकें काढलें.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अथवा पुढें कचेरींत हें काम तुमच्यावर येईल. प्रिंटर दिसेनासा झाला तर ड्रायव्हर काढण्याच्या किंवा यंत्र दुरुस्तीस धाडण्याच्या आधीं दोन गोष्टी करा. प्रिंटर स्वतः आपला पत्ता काय सांगतो तें वाचा, आणि संगणक कोणत्या पत्त्यावर हांक मारीत आहे तें पाहा. दोहोंत अंतर असेल तर दोष यंत्राचा नव्हे. आणि त्या खोलींत रोज वावरणारें कोणी असेल, तर त्यास आधीं विचारा. मला ती गोष्ट चार महिन्यांनीं सुचली, आणि तीहि मामा आपण होऊन बोलले म्हणून.