पणजोबांचे १६० एकर

लिंकनला मुलाकडे गेलो की शेजारच्या चेक आजोबांच्या व्हरांड्यात माझी हजेरी ठरलेली. विषय एकच: त्यांचे पणजोबा. ते म्हणे बोहेमियातून नेब्रास्कात आले, ते फुकट जमिनीसाठी. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकार १६० एकर देई. मुख्य अट एवढीच, की पाच वर्षं तिथं राहून जमीन कसायची. माळावर घर बांधायला लाकूड औषधालाही नाही. मग गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापल्या आणि घर रचलं. पाऊस बाहेर थांबला, तरी आत दोन दिवस पडत राही!

"आणि तुमचे पणजोबा?" एके दिवशी त्यांनी विचारलं.

आली का पंचाईत! पणजोबांचं नाव मी शेवटचं वाचलं ते जुन्या सातबाराच्या उताऱ्यावर, तेही भाऊबंदकीच्या दाव्यात. एकूण साडेतीन एकर. नाव काही आठवेना.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, "तुम्हाला चेक बोलता येतं?"

"छे! कोलाची तेवढी करता येतात," म्हणत त्यांनी बशी पुढे केली. खसखशीचं सारण भरलेले गोड पाव. भाषा गेली, सारण राहिलं. माझ्या नातवाचं मराठीही पुरणपोळीपाशीच येऊन थांबलंय.

त्या रात्री गावी दादाला फोन लावला. दावा लागल्यापासून आमचं बोलणं बंद होतं.

"दादा, आपल्या पणजोबांचं नाव काय रे?"

बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "उतारा काढून बघतो. तू जेवलास का?"